सोमवारी शाळेत पाठवू की नको?

(हे पत्र आणि उत्तर जानेवारी २०२२ मधलं, कोविडच्या तिसऱ्या लाटेतलं. त्यातले नियम आणि आकडे तेव्हाचे आहेत.)

प्रिय ताई,

माझा मुलगा तिसरीत आहे, मराठी माध्यमात. पहिली संपता संपता शाळा बंद झाली ती थेट गेल्या १५ डिसेंबरला उघडली. सुरुवातीला रडला, गेटपाशी माझा हात सोडेना. मग हळूहळू रमला. तेवढ्यात नाताळची सुट्टी लागली आणि ती संपते न संपते तोच ४ जानेवारीला पुन्हा कुलूप. आता येत्या सोमवारी, २४ तारखेला, शाळा सुरू होणार म्हणून वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संमतीपत्र आलं आहे. रिक्षावाल्या काकांनीही विचारलंय, येऊ का म्हणून.

मिस्टर म्हणतात, सही करायची नाही. माझे मोठे दीर गेल्या एप्रिलमध्ये कोविडने गेले. ऑक्सिजनच्या बेडसाठी मिस्टरच रात्रंदिवस फोन फिरवत होते. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, शुगर आणि बीपी दोन्ही आहे, आणि मुलगा त्यांच्याच कुशीत झोपतो. मिस्टर स्वतः रोज लोकलने फोर्टला ऑफिसला जातात, पण मुलाचा विषय निघाला की म्हणतात, "अजून एक वर्ष गेलं तर काय बिघडतं? जीव असेल तर शिकेल."

मला वाटतं पाठवावं. पण उद्या काही झालं तर सगळे मलाच बोलतील. ग्रुपवर अर्ध्या आया "आम्ही नाही पाठवत" म्हणतायत. सुट्टीनंतर इतक्या लगेच शाळा उघडायची शासनाला तरी काय घाई होती? मी काय करू?

– एक आई, मुलुंड

*

प्रिय मैत्रिणी,

पाठवा. उत्तर आधीच देऊन टाकते, कारण सोमवार तोंडावर आला आहे आणि ते संमतीपत्र तुमच्या फोनमध्ये तसंच पडून असणार. का पाठवायचं आणि पाठवताना घरात काय बदलावं लागेल, ते आता सावकाश बोलू.

आधी घाईचं. शासनाचा कारभार धरसोडीचा वाटला, यात तुमची चूक नाही. ८ जानेवारीला सांगितलं की १५ फेब्रुवारीपर्यंत शाळा बंद, आणि २० तारखेला शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी २४ पासून उघडायचं जाहीर केलं. पण मधल्या काळात मुंबईत काय झालं ते बघा. ७ जानेवारीला एका दिवसात जवळजवळ २१ हजार रुग्ण सापडले होते. दोन आठवड्यांत तो आकडा ६ हजारांच्या आत आला. राज्यात मात्र अजून रोज ४० हजारांवर रुग्ण निघतायत, म्हणून सरसकट हुकूम न काढता निर्णय त्या त्या महापालिकेवर आणि जिल्ह्यावर सोडला आहे. मुंबई उघडते आहे, पुणे अजून थोडं थांबणार आहे. मला हे पटतं. मुंबईच्या आकड्यावर गडचिरोलीच्या शाळेला कुलूप का लागावं?

आणि "इतक्या लगेच" हे तर मला मुळीच मान्य नाही. तुमच्या मुलाची शाळा बंद झाली मार्च २०२० मध्ये. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर, २३ नोव्हेंबरला, राज्याने नववी ते बारावी उघडायचं ठरवलं. मुंबईने तेव्हाही नाही म्हटलं. मग दुसरी लाट आली. गेल्या जुलैत कोविडमुक्त गावांमध्ये आठवी ते बारावीला परवानगी मिळाली. ४ ऑक्टोबरला गावांत पाचवीपासून, शहरांत आठवीपासून. तुमच्या लेकाचा नंबर लागला डिसेंबरच्या मध्यावर. पावणेदोन वर्षं झाली होती. याच महिन्यात, १० तारखेला, युगांडाने जवळजवळ दोन वर्षांनी शाळा उघडल्या आणि जगातली सगळ्यात लांब शाळाबंदी म्हणून त्याच्या बातम्या झाल्या. मुलुंडच्या तिसरीतल्या पोराचा हिशोब त्याच्या फार मागे नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकते. प्रत्येक वेळी आपण मोठ्यांना आधी बोलावलं आणि लहानांना शेवटी. डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्येच शाळा उघडल्या, आणि सुरुवात केली ती बालवाडी ते पाचवीच्या मुलांपासून. आपल्याकडे गेल्या जुलैत आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव यांनीही सांगितलं होतं, की उघडायच्याच तर प्राथमिक शाळा आधी उघडणं शहाणपणाचं ठरेल, कारण लहान मुलांचं शरीर हा विषाणू मोठ्यांपेक्षा बरा हाताळतं. पण आपला हिशोब बोर्डाचा. दहावी-बारावीला परीक्षा आहे, तिसरीला काय आहे?

तिसरीला वाचन आहे. तुमच्या यजमानांच्या "काय बिघडतं" या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आज संध्याकाळी मुलाला बालभारतीचं दुसरीचं पुस्तक द्या. हो, दुसरीचंच. जो धडा त्याला पाठ नसेल तो उघडा आणि मोठ्याने वाचायला सांगा. बाजूला बसा, पण तुमचे ओठ हलता कामा नयेत, कारण ही मुलं आता आईचे ओठ वाचण्यात तयार झाली आहेत. सूर्य, प्रकाश, स्वच्छ, कृष्णा, असले शब्द आले की तो काय करतो ते बघा. अक्षर फोडून वाचतो, की पहिलं अक्षर बघून अंदाजाने काहीतरी ठोकून देतो? ओळ संपल्यावर बोट खालच्या ओळीवर नीट येतं, की मधलीच ओळ गळते? आणि वाचून झाल्यावर विचारा, काय झालं गोष्टीत.

तुमच्या मुलाची पहिली पुरी व्हायच्या आत वर्ग बंद झाला. जोडाक्षरं घट्ट व्हायची ती दुसरीत, आणि त्याची दुसरी फोनवर गेली. फोनवरचा वर्ग कसा चालतो हे मी तुम्हाला काय सांगायचं? "प्रेझेंट बाई" झालं की कॅमेरा बंद. बाईंनी नाव घेतलं की कॅमेऱ्याबाहेरून आई कुजबुजते, पोरगं तेच बोलतं आणि बाईंना वाटतं, येतंय याला. आयांना दोष देत नाहीये. दुसरं करणार तरी काय होत्या त्या?

लिहिण्याचंही तसंच. फळ्यावरून उतरवायचं म्हणजे मान वर करायची, चार शब्द डोक्यात धरायचे, मान खाली घालून ते वहीत आणायचे आणि पुन्हा वर बघितल्यावर आपली जागा शोधायची. यात डोळा, हात आणि आठवण एकत्र काम करतात. बाईंनी ग्रुपवर टाकलेला फोटो बोटांनी मोठा करून एकेक अक्षर उतरवणाऱ्या मुलाची वही सुबक दिसते, पण हे काम त्यात होत नाही. त्याची गेल्या वर्षीची वही आणि डिसेंबरमधली वर्गातली वही शेजारी ठेवून बघा. डिसेंबरमधल्या वहीत अर्धवट सुटलेली वाक्यं सापडली तर रागावू नका. त्याची खरी गती ती आहे.

हे एकट्या तुमच्या घरातलं नाही. अझीम प्रेमजी फाउंडेशनने गेल्या वर्षी पाच राज्यांतल्या, दुसरी ते सहावीच्या १६ हजारांवर मुलांची पाहणी केली. त्यातल्या ९२ टक्के मुलांचं भाषेतलं किमान एक तरी आधी येणारं कौशल्य गेलेलं होतं. आणि अर्थतज्ज्ञ ज्याँ ड्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांमध्ये ऑगस्टमध्ये जी पाहणी केली, तिच्यात खेड्यांतली नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं निघाली फक्त ८ टक्के. तुमच्याकडे निदान फोन आहे, नेट आहे, शिकवायला बसणाऱ्या तुम्ही आहात.

तेव्हा "अजून एक वर्ष" हे फुकटचं वर्ष नाही. शाळेत गेल्याने मूल आजारी पडलं तर ते सगळ्यांना दिसतं. घरी राहून जे जातं ते कुणाला दिसत नाही, म्हणून त्याची किंमत शून्य धरली जाते. माझा आक्षेप या हिशोबाला आहे.

आता धोक्याचं. धोका नाही असं मी म्हणणार नाही. ओमायक्रॉन हा कोविडचा नवा प्रकार झपाट्याने पसरतो आणि वर्गातल्या एखाद्या मुलाला तो होणार हे धरूनच चाला. तुमच्याही मुलाला होऊ शकतो. पण शाळा बंद होत्या तेव्हाही मुलांना तो होतच होता. आयसीएमआरने गेल्या जून-जुलैत देशभर रक्त तपासून पाहिलं, तेव्हा ६ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांच्या शरीरात प्रतिपिंडं सापडली. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना तोवर लागण होऊन गेली होती, बहुतेकांच्या घरी पत्ताही न लागता. निरोगी मुलाला हा आजार सहसा ताप, सर्दी, घसादुखीवर सोडतो. क्वचित एखाद्याला तो जड जातो, आणि त्या एखाद्यासाठी काय करायचं ते खाली लिहिते.

शिवाय याच जानेवारीत मॉल आणि हॉटेलं निम्म्या क्षमतेने चालू होती, लोकल चालू होती, कुलूप मात्र शाळेला. तुमचे यजमान रोज त्याच लोकलने फोर्टला जातात आणि येऊन त्याच घरात जेवतात. हा मुद्दा बिनतोड आहे. तरीही, मैत्रिणी, तो त्यांच्या तोंडावर फेकू नका.

कारण ते आकड्यांवरून बोलतच नाहीयेत. त्यांनी गेल्या एप्रिलमध्ये सख्ख्या भावासाठी बेड शोधला आहे. "ऑक्सिजन आहे का" असं अनोळखी माणसांना विचारत ज्याने रात्री काढल्या, त्याला ५७ टक्के आणि ९२ टक्के सांगून काय होणार? घरात जे हाती आहे ते तरी धरून ठेवावं, असं त्यांना वाटतंय. लोकल त्यांच्या हातात नाही, नोकरी सोडता येत नाही. मुलाची शाळा तेवढी थांबवता येते. त्यांना पटवायला बसू नका. विचारा, "तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते, बाळाला होईल याची की आईंना होईल याची?" माझा अंदाज, उत्तर दुसरं येईल. तसं आलं तर निम्मं काम झालं, कारण सासूबाईंना जपण्याचे उपाय आहेत, आणि मुलाला घरी बसवणं हा त्यातला सगळ्यात लंगडा उपाय आहे.

आणि सासूबाईंचं काय? तुमच्या पत्रात त्यांचं वय आहे, शुगर आहे, बीपी आहे. त्यांचं मत कुठेच नाही. ज्या बाईने नऊ महिन्यांपूर्वी पोटचा मुलगा गमावला, तिला नातवाच्या शाळेबद्दल काही म्हणायचं असेलच. दोघांनी मिळून त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. कदाचित त्या "नको" म्हणतील. कदाचित "माझ्या नावावर पोराची शाळा बुडवू नका" म्हणतील. काहीही म्हणोत, त्यांच्यासाठी घेतलेला निर्णय त्यांना न विचारता घेऊ नका.

त्यांच्यासाठी करायच्या गोष्टी अशा. ६० वर्षांवरच्या आणि इतर आजार असलेल्यांना १० जानेवारीपासून खबरदारीचा तिसरा डोस सुरू झाला आहे. दुसऱ्या डोसला ३९ आठवडे व्हायला हवेत. त्यांचं प्रमाणपत्र काढून तारीख बघा. दुसरा डोस मागच्या एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात झाला असेल तर आता त्यांचा नंबर लागतो. केंद्रावर घेऊन जा. शुगर किती आहे तेही या आठवड्यात तपासून घ्या, लाटेच्या गडबडीत ते राहून जातं.

झोपण्याचं अवघड आहे, पण ही लाट ओसरेपर्यंत मुलाचं अंथरूण तुमच्याकडे हलवा. दिवसा आजी-नातवाने गॅलरीत, खिडकीशी बसून खुशाल गप्पा माराव्यात. मुलाला कारण सांगताना मात्र एक वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका: "तुझ्यामुळे आजीला होईल." काका गेलेले या मुलाने पाहिले आहेत. उद्या आजीला साधा खोकला झाला तरी तो मनात काय घेऊन बसेल आणि कुणाला सांगणारही नाही. "आता तू मोठा झालास, शाळेसाठी लवकर उठायचं, म्हणून आमच्या खोलीत झोप" एवढं पुरे.

आता रिक्षा. शाळेपेक्षा मला तिची जास्त काळजी वाटते. वर्गात निदान खिडक्या असतात, बाकावर एकेक मूल बसवता येतं. रिक्षात काका मागे पाच, पुढे एक, दप्तरं बाजूला लटकवलेली, आणि थंडी म्हणून दोन्हीकडचे पडदे पाडलेले. मास्क हनुवटीवर आणि गाणी जोरात. निदान फेब्रुवारी सरेपर्यंत त्याला चालत किंवा स्कूटरवर सोडा. तुमच्याच रस्त्यावरून जाणारी एखादी दुसरी आई ग्रुपवर असेलच. सकाळी तुम्ही, दुपारी ती, असं जमेल. ग्रुपवरच्या वादात पडू नका. ज्या पाठवणार नाहीत त्यांच्या घरी कोण आजारी आहे, तुम्हाला ठाऊक नाही.

मास्कबद्दल केंद्राने परवाच, २० तारखेला, सांगितलं की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तो नको, आणि ६ ते ११ वर्षांच्यांनी नीट वापरता येत असेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली वापरावा. तुमचा आठ वर्षांचा असेल, त्याला जमेल. दप्तरात दोन जादा ठेवा, मधल्या सुट्टीपर्यंत पहिला ओला होतो. डबा मात्र मास्क काढूनच खायचा असतो, तेव्हा त्याला कोरडं, पटकन संपणारं काहीतरी द्या.

ते संमतीपत्र. मला हा कागद आवडत नाही. "सर्व जबाबदारी पालकांची" असं त्यात लिहिलेलं असतं आणि शाळेची जबाबदारी काय, ते कुठेच नसतं. सही करा, पण सोबत मुख्याध्यापकांना विचारा: एका वर्गात किती मुलं बसवणार? खिडक्या-दारं उघडी राहणार का? शिक्षक, शिपाई, मावशी, सगळ्यांचे दोन्ही डोस झालेत का? आणि एखादं मूल पॉझिटिव्ह निघालं तर त्याचा वर्ग काही दिवस बंद ठेवणार की सगळी शाळा? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. एका मुलामागे अख्खी शाळा बंद व्हायला लागली तर फेब्रुवारीत तुम्ही मला पुन्हा हेच पत्र लिहाल. उत्तरं टाळली गेली तर चार पालक मिळून जा, एकटीला "मॅडम, आम्ही सगळं बघतो" म्हणून परत पाठवतात.

सहीच्या जागी दोघांची नावं घाला, फॉर्मवर जागा एकच असली तरी. काही झालं तर मलाच बोलतील, असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे, बोलतात. मूल घरी राहून मागे पडलं तर आईने लक्ष दिलं नाही, शाळेत जाऊन आजारी पडलं तर आईने पाठवलं. म्हणूनच हा निर्णय एकटीने घेऊन डोक्यावर मिरवू नका. सासूबाई, यजमान आणि तुम्ही बसून ठरवा आणि दोघांनी सही करा. रविवारपर्यंत यजमानांचं मन झालं नाही, तर आठवडाभर थांबा. हजेरी सक्तीची नाही, आणि भांडण करून पाठवलेलं मूल वर्गात बसून घराचाच विचार करतं. पण थांबायची तारीख आजच ठरवा. "बघू पुढे" असं ठेवलंत तर जून उजाडेल.

एका परिस्थितीत मात्र माझा सल्ला बाजूला ठेवा. मुलाला जोरदार दमा असेल, हृदयाचा आजार असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, किंवा घरात कुणाची केमो किंवा डायलिसिस चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. तुमच्या पत्रात तसं काही नाही, म्हणून मी इतक्या ठामपणे लिहिते आहे.

त्याला ताप आला, घसा धरला, तर त्या दिवशी शाळा नाही. परीक्षा असली तरी नाही. आजीपासून लांब झोपवा, तपासणी करून घ्या, शाळेला कळवा. कळवायला लाजू नका. लपवणाऱ्या घरांमुळेच वर्ग बंद पडतात. ताप तीन दिवसांत उतरला नाही, श्वास जोरात चालतोय असं वाटलं, खाणंपिणं सोडलं, किंवा बरा झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा जोराचा ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल असं काही दिसलं, तर घरगुती उपाय न करता थेट मुलांच्या डॉक्टरांकडे न्या.

आणि रिक्षावाल्या काकांना आजच फोन करून सांगा की मार्चपासून बघू. दोन वर्षं त्यांचाही धंदा बसला आहे, सोमवारी सकाळी दारात येऊन त्यांना परत जायला लावू नका.

तुमची,
ताई